शिफ्टनुसार चालणारी आमची घरची शाळा

गुरुवार, सातारा

आज ह्यांची साप्ताहिक सुट्टी होती. औद्योगिक वसाहतीतल्या ह्यांच्या कारखान्याला सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते, त्यामुळे आमच्या घरचा आठवडा शुक्रवारी सुरू होतो, आणि पुढची शिफ्ट कोणती हे कळले की गुरुवारी रात्री स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलेला मुलांच्या अभ्यासाचा कागद मी बदलते. उद्यापासून रात्रपाळी आहे.

मुलांना शाळेतून काढून घरी का शिकवता, असे विचारणाऱ्यांना मी थोडक्यात सांगते. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात वडील दुपारी अडीचला घराबाहेर पडत आणि मुले साडेपाचला घरी येत. मध्यरात्री वडील परतत तेव्हा मुले झोपलेली असत आणि सकाळी मुले निघत तेव्हा वडील झोपलेले असत. महिन्यातला इतका काळ एका छपराखाली राहूनही भेट नाही, हे आम्हाला मान्य नव्हते. तेव्हा घरी शिकवायचे ठरल्यावर शाळेचेच अकरा ते पाच घरात आणून बसवण्यात काही अर्थ नव्हता. ज्या कारणासाठी आम्ही शाळा सोडली, तेच कारण वेळापत्रकाच्या पहिल्या ओळीत असायला हवे होते.

किती वेळ शिकवायचे, हा प्रश्न मात्र अंदाजावर सोडण्यासारखा नव्हता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० कामाचे दिवस आणि ८०० तास अध्यापन, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १,००० तास असे प्रमाण दिलेले आहे. ते शाळांसाठी आहे आणि घरी शिकवण्याविषयी त्या कायद्यात स्वतंत्र तरतूद नाही. तरीही मापाला काहीतरी हवे म्हणून मी तोच आकडा धरला. ८०० तास वर्षाच्या ३६५ दिवसांवर पसरले, तर दिवसाला सव्वादोन तासही होत नाहीत. शिवाय त्याच कायद्यात प्राथमिक वर्गासाठी ३० मुलांमागे एक शिक्षक धरलेला आहे आणि इथे एका आईसमोर दोनच मुले आहेत. हा हिशेब मांडल्यावर माझ्या मनावरचे दडपण बरेच कमी झाले. घड्याळाचे काटे न बांधता अभ्यासाचा क्रम आणि त्याचे प्रमाण बांधायचे, असे आम्ही ठरवले: रोज गणित, रोज मराठीचे लेखन, रोज मोठ्याने वाचन. बाकीचे विषय आठवड्याच्या खात्यावर असतात, ते कोणत्या दिवशी होतील याचा आग्रह नाही.

सर्वांत कठीण आठवडा रात्रपाळीचा. हे सकाळी आठच्या सुमारास येतात, चहा-नाश्ता करून झोपतात ते दुपारी दोनपर्यंत. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढ्याच घरात त्या वेळी पाढे म्हणणे शक्य नसते. म्हणून सकाळी लिहायची आणि चित्रे काढायची कामे, तीही मागच्या खोलीत, आणि पाढे, कविता, इंग्रजीचे वाचन असे सगळे आवाजाचे विषय संध्याकाळी पाचनंतर. धाकट्याला हे जमायला वेळ लागला, कारण तेराचा पाढा म्हणताना त्याचा आवाज आपोआप चढतो. आता तो सकाळी नुसते ओठ हलवत पाढा लिहितो आणि संध्याकाळी तोच पाढा गच्चीवर जाऊन साऱ्या आळीला ऐकवतो.

सेकंड शिफ्टचा आठवडा, जो पूर्वी आम्हाला नकोसा वाटे, तोच आता अभ्यासाला सर्वांत चांगला ठरला आहे. मध्यरात्री आलेले हे आता नऊपर्यंत उठतात आणि साडेनऊ ते साडेअकरा गणित तेच घेतात. हे लेथवर काम करतात, त्यामुळे ह्यांचे गणित पुस्तकापेक्षा मापातून सुरू होते. मोठीला दशांश अपूर्णांक शिकवताना ह्यांनी बारीक मापे घ्यायचा व्हर्निअर कॅलिपर तिच्या हातात दिला आणि रुपयाच्या दोन नाण्यांचा व्यास मोजायला सांगितला. एक जरा जुने, ते २१.९२ मिलिमीटर भरले. दुसरे अलीकडचे, ते बरोबर २०. रुपया तोच असताना नाणे लहान का झाले, यावर पुढचा अर्धा तास गेला आणि त्या दिवशीचे भागाकार राहिले. माझ्या मते ते राहिले तरी चालण्यासारखे होते. ह्यांच्या मते नव्हते, म्हणून जाता जाता ह्यांनी चार भागाकार वहीत लिहून ठेवलेच.

फर्स्ट शिफ्टला हे दुपारी साडेतीनला मोकळे होतात. त्या आठवड्यात जेवणापर्यंत बसून करायचा अभ्यास संपवून दुपारनंतर बाहेर पडतो, कधी अजिंक्यताऱ्यावर, तर कधी माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर. गुरुवारच्या सुट्टीचा खरा फायदा मात्र सप्टेंबरात कळतो. शनिवार-रविवारी कासच्या फुलांच्या पठारावर माणसांचीच गर्दी फार. आडवारी मुलांना सीतेच्या आसवांपाशी गुडघे टेकून निवांत बघता येते. ती इवलीशी निळी-जांभळी फुले ज्या वनस्पतीची, ती कीटकभक्षी आहे, हे समजल्यावर धाकटा तिच्यापासून दोन पावले मागे सरकला होता.

सासूबाईंना हे सारे प्रथम पटले नव्हते. ‘पोरांस्नी येळकाळ हाय का न्हाय,’ असे त्या येताजाता म्हणत. सासरे मात्र स्वतः छत्रपती शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ योजनेत शिकलेले. काम आणि अभ्यास एकमेकांच्या वेळा सांभाळून होऊ शकतात, हे त्यांना समजावून द्यावे लागले नाही.

दहावीचे काय, हा शेजाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून १४ वर्षे पूर्ण झाल्यावर दहावीला बसता येते आणि तिच्या परीक्षा वर्षातून दोनदा असतात. पाचवी आणि आठवीसाठी राज्याचे मुक्त विद्यालय मंडळही आहे. मोठी अजून दहाची आहे, त्यामुळे त्याची चिंता आज करण्याचे कारण मला दिसत नाही.

चिंता आहे ती दिवाळीची. माझ्याकडे ब्लाउजची शिवणकामे नवरात्रापासून वाढू लागतात आणि वसुबारसेपर्यंत मशीन थांबत नाही. त्या काळात दोन तासांचा अभ्यास एका तासावर आणायचा आणि राहिलेले मे महिन्यात भरून काढायचे, असे आज आम्ही दोघांनी बसून ठरवले. इतरांची मुले सुट्टीवर असताना आपली अभ्यासाला कशी बसतील, ही शंका ह्यांनी काढली आणि ती रास्त आहे. मेमध्ये तो अभ्यास सकाळी सात ते नऊ ठेवावा, म्हणजे खेळायला मुले जमायच्या आत उरकेल, असे मोठीने सुचवले आहे. उद्याच्या कागदावर मात्र तिने स्वतःच्या हाताने गणित दुपारी तीनला टाकले आहे, कारण रात्रपाळी असली तरी तोपर्यंत तिचे पप्पा उठलेले असतात.