रिपोर्ट निगेटिव्ह, स्लाइड पॉझिटिव्ह

साक्रीकडची बाई, पन्नाशी ओलांडलेली. पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली आणि आता पुन्हा अंगावरून लाल जायला लागलेलं. धुळ्यातल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमनी गर्भाशयमुखाची बायप्सी माझ्या लॅबमध्ये पाठवली. स्लाइडवर वादाला जागाच नव्हती. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे गर्भाशयमुखाच्या अस्तरातल्या चपट्या पेशींचा कॅन्सर, आत खोलवर घुसलेला.

संध्याकाळी मुलगा रिपोर्ट न्यायला आला तो काखेत फाइल मारून. आत दिवाळीआधीच्या शिबिरातला एचपीव्हीच्या पीसीआरचा कागद: निगेटिव्ह. एचपीव्ही म्हणजे हा कॅन्सर घडवणारा विषाणू, आणि पीसीआर त्याचा डीएनए शोधणारी चाचणी. लाल जाणं तेव्हाच सुरू झालं होतं, पण हा कागद हातात आल्यावर घरचे निर्धास्त झाले होते.

"साहेब, मनी मायले काय व्हयनं? यामा ते काहीच नही."

त्याला बसवलं, चहा मागवला. कॅन्सर आहे यात शंका नाही आणि उपचाराला आजच लागायचं, हे आधी सांगून टाकलं. पण तो कागद माझ्याही डोक्यातून जाईना.

ब्लॉकवर, म्हणजे मेणात बसवलेल्या बायप्सीच्या तुकड्यावर, पी१६ या प्रोटीनचं स्टेनिंग केलं. गाठीतल्या झाडून सगळ्या पेशी गडद तपकिरी. एचपीव्हीचं ई७ हे प्रोटीन पेशीतल्या आरबी प्रोटीनला धरून निकामी करतं. विभाजन आवरायचं काम आरबीचं. ते गेलं की पेशी पी१६ भरमसाट बनवू लागते, पण पी१६ला काम करायला आरबीच लागतं, त्यामुळे उपयोग शून्य. म्हणजे इथे ई७ जोरात चालू असणार, आणि कागद म्हणतो विषाणूच नाही.

मुंबईत मॉलिक्युलर लॅब चालवणाऱ्या जुन्या वर्गमैत्रिणीला फोन लावला. मी अजून हकिगत सांगतोय तोवर तिनं विचारलं, "प्रायमर कशाचे होते, बघ आधी."

प्रायमर म्हणजे डीएनएचे छोटे तुकडे, चाचणीनं विषाणूचा कुठला भाग शोधायचा ते ठरवणारे. कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात होतं: एल१.

एल१ म्हणजे विषाणूच्या कवचाचा जीन. निरनिराळ्या प्रकारांत तो बराच सारखा असतो, म्हणून प्रायमरच्या एकाच जोडीत अनेक प्रकार सापडतात. सोय मोठी आहे. पण या विषाणूचा डीएनए गोल असतो, जेमतेम ७,९०० अक्षरांचा. माणसाच्या गुणसूत्रात शिरायचं तर ते वर्तुळ कुठेतरी तुटावं लागतं. बऱ्याचदा तुटतं ते ई२ या जीनमध्ये, आणि ई२ म्हणजे ई६-ई७ या कॅन्सर घडवणाऱ्या जोडगोळीच्या नाकातली वेसण. ती तुटली की दोघं मोकाट. या तोडफोडीत इतर तुकडे गळून जाऊ शकतात, कधी एल१सुद्धा. ई६ आणि ई७ मात्र गळत नाहीत, कारण गाठ त्यांच्याच जिवावर वाढत असते.

त्याच ब्लॉकचे काप मुंबईला पाठवले. तिनं ई६-ई७चे प्रायमर लावले आणि प्रकार १८ सापडला. एल१ तिलाही मिळालं नाही.

प्रकार १८ म्हणजे हेला पेशींमधलाच. १९५१मध्ये अमेरिकेतल्या हेन्रिएटा लॅक्स या बाईंच्या गाठीतून घेतलेल्या त्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतायत, आणि ई६-ई७ बंद केले तर आजही त्यांची वाढ थांबते. हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटानं १९८३मध्ये प्रकार १६ आणि १९८४मध्ये प्रकार १८ वेगळा काढला. त्यांना नोबेल मिळालं २००८मध्ये. ई६ची तऱ्हा तर आणखी बेरकी. पेशीच्याच एका प्रोटीनला हाताशी धरून ते पी५३चा, म्हणजे बिघडलेल्या पेशीला आवरणाऱ्या प्रोटीनचा, नाश करवतं. इतर अनेक कॅन्सरमध्ये पी५३चा जीनच बिघडलेला असतो. इथे जीन सहसा धडधाकट, पण त्यातून बनलेलं प्रोटीन टिकतच नाही.

मुलगा पुन्हा आला तेव्हा वडीलही सोबत होते. धोतर, टोपी, कापसाच्या सौद्यातून थेट इकडे. "मग पहिला कागद खोटा म्हणायचा का?" खोटा नव्हे. एल१ आहे का, एवढंच त्या चाचणीला विचारलं होतं आणि ते खरंच नव्हतं. माझा राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीवर. अशी चाचणी असते तक्रार नसलेल्या बाईसाठी. जिला पाळी गेल्यावर लाल जातंय तिला आधी टेबलावर घेऊन तपासायचं, आणि गर्भाशयमुख संशयास्पद दिसलं तर चाचणी काहीही म्हणो, तुकडा काढायचा. शिबिरात रांग मोठी असते हे मला कळतं, तरीही.

बाईंना नाशिकला पाठवलं, रेडिएशन आणि सोबत केमो.

निघता निघता मुलानं विचारलं, "या विषाणूवर ती पुण्याची लस निघालीय ना, ती आता आईला देता येईल?" उपयोग नाही, म्हटलं. ती लस शरीराला एल१ ओळखायला शिकवते, विषाणू शिरण्याआधी त्याला अडवावं म्हणून. आईच्या गाठीत एल१ उरलंच नाही, तर लस ओळखणार कुणाला?

तो गप्प झाला. मग म्हणाला, "माझी पोरगी बारा वर्षांची आहे."

"तिला द्या. पंधराच्या आत दोन डोस पुरतात, सहा महिन्यांच्या अंतरानं."