तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चालेल का?

घरात जुना झेनिट, पेंटॅक्स नाहीतर निकॉन एफएम सापडला की विचारणा येतेच: याची लेन्स आमच्या डिजिटलवर बसेल का? (यशिका इलेक्ट्रो ३५ किंवा आग्फा क्लिक थ्री असेल तर विषय तिथंच संपला, त्यांची लेन्स निघतच नाही.) बाकीच्यांना आमचा उलटा प्रश्न: तुमची बॉडी कुठली?

सगळा खेळ माउंटच्या (बॉडीवर लेन्स बसते त्या कड्याच्या) तोंडापासून सेन्सरपर्यंतच्या अंतराचा आहे. एम४२ या स्क्रू माउंटच्या लेन्सला ४५.४६ मिमी लागतात, निकॉन एफला ४६.५. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, बॉडीत हे अंतर फार कमी असतं: सोनी ई १८, निकॉन झेड १६, कॅनन आरएफ २०, फुजी एक्स १७.७. मधली जागा अडॅप्टरच्या नळीनं भरायची. आत काच नको, इलेक्ट्रॉनिक्स नको. म्हणून मिररलेस असेल तर जवळजवळ कुठलीही जुनी एसएलआर लेन्स चालते.

डीएसएलआरवर (आरसेवाल्या डिजिटलवर) मात्र जपून. कॅनन ईएफचं अंतर ४४, म्हणजे एम४२ साठी १.४६ मिमीची चकती पुरते. निकॉन डीएसएलआरचं ४६.५, म्हणजे एम४२ लेन्स मुळातच एक मिमी पुढे बसते. ५० मिमीच्या लेन्सला एक मिमी जास्त झाला की अडीच मीटरच्या पलीकडचं काही फोकस होत नाही. यावर उपाय म्हणून काच घातलेले अडॅप्टर विकतात. ते घेऊ नका. चांगल्या लेन्समागे स्वस्त भिंग लावून तिचं नाव खराब करण्यात अर्थ नाही.

निकॉनची जुनी लेन्स निकॉन डीएसएलआरवर लावणाऱ्यांनी एक तपासावं. डी७२००, डी७५० यांच्या माउंटभोवती लेन्सची ॲपर्चर रिंग (प्रकाशाचं भोक लहान-मोठं करणारी) ओळखणारी छोटी पत्ती आहे, त्यामुळे एआय (१९७७ पासूनच्या) लेन्सवर प्रकाश मोजणारा मीटर चालतो. डी३५००, डी५६०० ला ती नाही आणि डी७५०० लाही नाही. तिथे मॅन्युअल मोडवर अंदाजानं एक्स्पोजर लावायचं. पण १९७७ च्या आधीची, बदल न केलेली नॉन-एआय लेन्स पत्तीवाल्या बॉडीवर फिरवलीत तर पत्ती मोडते.

अडॅप्टर हाती आला की व्हर्निअर कॅलिपर घ्या. जाडी म्हणजे दोन अंतरांची वजाबाकी: एम४२ ते सोनी ई २७.४६, निकॉन एफ ते सोनी ई २८.५, एम४२ ते निकॉन झेड २९.४६. टेकणाऱ्या दोन तोंडांमध्ये चार ठिकाणी मोजा. चारही आकडे सारखे नसतील तर फोटोची एक बाजू कायम मऊ येणार, आणि दोष लेन्सच्या माथी बसणार. जाडी किंचित कमी असली तर चालतं. इन्फिनिटीचा (सगळ्यात लांबचा) फोकस रिंगवर थोडा आधी येतो, इतकंच. जास्त असली तर भोगायला लागतं. ०.१ मिमी जादा झाला की ५० मिमी लेन्स २५ मीटरला थांबते, २८ मिमी तर जेमतेम आठ मीटरला. वाइड लेन्स अडॅप्टरची चूक माफ करत नाही.

चाचणी कोल्हापुरात रंकाळा तलावावर करा. समोरच्या काठावरून शालिनी पॅलेसचा मनोरा धरा, ॲपर्चर पूर्ण उघडं, स्क्रीनवर मॅग्निफाय करा आणि रिंग शेवटपर्यंत न्या. शेवटच्या टोकालाही चित्र अजून तीक्ष्ण होतच असेल, तर अडॅप्टर जाड आहे. काहींमध्ये स्क्रूखाली पितळी शिम (पातळ चकती) असते. ती काढून किंवा पातळ घालून काम भागतं. नसेल तर उद्यमनगरात कुठल्याही चांगल्या लेथवर फेसिंग करून, म्हणजे तोंड किंचित कातून, मिळतं. सांगताना स्पष्ट सांगा: फक्त लेन्सकडचं तोंड घ्यायचं, बॉडीकडच्या बायोनेटला (फिरवून अडकणाऱ्या कड्याला) हात लावायचा नाही, आणि दोन्ही तोंडं समांतर राहिली पाहिजेत. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी ज्या गावात आपला सिने-कॅमेरा स्वतः घडवला, तिथं एवढ्यासाठी नवा अडॅप्टर मागवायची गरज नाही.

एम४२ लेन्स घट्ट बसल्यावर आकडे बाजूला किंवा खाली येतात, त्यात दोष काही नाही. अडॅप्टरच्या कडेचे बारीक ग्रब स्क्रू ढिले करा, आतली रिंग फिरवा, परत आवळा. दुसरी नेहमीची तक्रार: रिंग फिरते पण ॲपर्चरची पाती हलत नाहीत. ऑटो लेन्सच्या मागे एक पिन असते. ती दाबलेली राहिली तरच ॲपर्चर बंद होतं. लेन्सवर ए/एम खटका असेल तर एमवर टाका, नसेल तर आत कडा असलेला, पिन दाबणारा अडॅप्टर घ्या. हेलिओस ४४-२ या एम४२ लेन्सला पिनच नाही, दोन रिंगा आहेत: एकीवर आकडा ठरवायचा, दुसरीनं उघडून फोकस करायचा आणि मग ती थांबेपर्यंत बंद करायची.

कॅमेऱ्यात 'लेन्सशिवाय शटर' चालू करा, नाहीतर शटर पडणारच नाही. बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताचा हादरा सावरणारी सोय) असेल तर फोकल लेंग्थ हातानं भरा आणि लेन्सवर लिहिलेलीच भरा. ५८ ची हेलिओस एपीएस-सी (छोट्या) सेन्सरवर ८७ सारखी दिसते म्हणून ८७ भरलंत, तर फोटो हलेल. मोड ॲपर्चर प्रायॉरिटी.

फोकस पीकिंगवर (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणाऱ्या सोयीवर) पूर्ण विसंबू नका. उघड्या ॲपर्चरला ते नाक, पापणी, भुवई सगळंच रंगवतं. शेवटचा निर्णय मॅग्निफाय करून घ्या. जोतिबाला गेलात तर पीकिंगचा रंग लाल सोडून निळा ठेवा, गुलालात लाल दिसत नाही. तालमीत किंवा खासबागेच्या कुस्ती मैदानात धावपळीत फोकस करत बसू नका: फुल-फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) २८ मिमी, एफ/८, रिंग साडेतीन मीटरवर, म्हणजे पावणेदोन मीटरपासून पुढचं सगळं कामापुरतं स्पष्ट. लेन्सवरच्या डेप्थच्या (किती अंतरापर्यंत स्पष्ट येईल ते सांगणाऱ्या) खुणा फिल्मच्या हिशोबानं आहेत. आजच्या सेन्सरला एक स्टॉप कडक धरा, एफ/८ ला ५.६ च्या खुणा वाचा.

गुलालाचं अजून एक. तिथं लेन्स बदलू नका. पुढे फिल्टर असू द्या; हेलिओस ४४-२ आणि बऱ्याच ताकुमारना (पेंटॅक्सच्या जुन्या लेन्सना) ४९ मिमीचा लागतो. घरी आल्यावर आधी ब्लोअर, मग कोरडा ब्रश, फोकस रिंगच्या फटीतसुद्धा. ओलं फडकं लावलंत की रंग विरघळून आत जातो.

विकत घेताना टॉर्च मागून मारा. धूळ दिसली तर सोडून द्या, फोटोत येत नाही. मुळांसारखे धागे म्हणजे बुरशी, कडेला इंद्रधनुषी पट्टा म्हणजे भिंगं सुटलेली, पात्यांवर चकाकी म्हणजे ग्रीस वितळून आलेलं. पिवळसर ताकुमार ५० मिमी एफ/१.४ ला घाबरू नका, थोरियमच्या काचेचा तो गुण आहे. यूव्ही एलईडीखाली काही दिवसांत बराच उतरतो. उन्हात ठेवू नका, ग्रीस वितळतं.

आणि आपल्याकडचा पावसाळा. जून ते सप्टेंबर लेन्स चामड्याच्या केसमध्ये मुळीच नको, ओल धरून बुरशी तिथूनच येते. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि छोटा हायग्रोमीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा. निळी सिलिका गुलाबी पडली की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवा, पुन्हा निळी होते.