भरतीच्या अर्जातला तो एक रकाना

२०२२ च्या डिसेंबरमध्ये एनसीसीच्या दहा दिवसांच्या शिबिरात, सहाव्या दिवशी पहाटे, मला पहिल्यांदा रक्त दिसले. पीटीसाठी पाच वाजता फॉल-इन असायचे, म्हणून आम्ही मुली साडेचारलाच शाल पांघरून आणि हातात टमरेल घेऊन संडासाच्या रांगेत उभ्या राहत असू. त्या पहाटे माझा नंबर आला, मी आत जाऊन आले आणि लगेच रांगेच्या शेवटाला पुन्हा जाऊन उभी राहिले. असे तीन वेळा झाले. मासिक पाळी आधी आली असेल अशी मी स्वतःची समजूत घातली, परेडला उभी राहिले आणि कोणालाही काही सांगितले नाही.

पुढचे चार महिने आधी रक्ती आव आणि मग मूळव्याध म्हणून उपचार झाले. आजी संग्रहणी म्हणायची, आणि तीच खऱ्याच्या सर्वांत जवळ होती. शेवटी पुण्यात कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतड्याची तपासणी, आणि बायोप्सी होऊन ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ असे निदान झाले. यात मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि जखमा होतात. शरीराची प्रतिकारशक्तीच तिथे उलटलेली असते. क्रोन्स हा याच कुळातला दुसरा आजार असून तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो. आपल्याकडे तो आतड्याच्या क्षयासारखाच दिसत असल्याने कित्येक रुग्णांना आधी क्षयाची औषधे घ्यावी लागतात. दोन्ही आजार औषधांनी शांत होतात, पण समूळ जात नाहीत. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्यावर आईने विचारले, “म्हणजे कधीपर्यंत गोळ्या?” आणि मी उत्तर देण्याऐवजी रिक्षा शोधू लागले.

मी सातारा जिल्ह्यातली. पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावलेले अपशिंगे मिलिटरी हे गाव आमच्याच जिल्ह्यातले, आणि आमच्या घरातही आबा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. पांढऱ्या रंगाने नाव आणि नंबर लिहिलेली त्यांची काळी ट्रंक माझ्या अभ्यासाच्या टेबलाला लागूनच असते. निदानाच्या आधी, २०२३ च्या जानेवारीत, कॅप्टन शिवा चौहान सियाचीनमध्ये १५,६०० फुटांवरच्या कुमार पोस्टवर तैनात झालेल्या पहिल्या महिला अधिकारी ठरल्या, तेव्हा वर्तमानपत्रातला त्यांचा फोटो मी कापून त्या ट्रंकेच्या झाकणावर चिकटवला होता. त्या दिवसांत मी रोज आठ-आठ वेळा संडासला जात होते आणि जिना चढताना मला धाप लागत होती. तरीही आपल्याला तिथेच जायचे आहे, याबद्दल मनात किंचितही शंका नव्हती.

स्टेरॉइड हळूहळू कमी करत बंद झाली, आतड्याची सूज दाबणाऱ्या मेसालामाइनच्या गोळ्या कायम राहिल्या आणि वर्षभरात मी पूर्ववत धावू लागले. एनसीसीचे ‘सी’ प्रमाणपत्र मिळाले. चांगल्या श्रेणीत ते मिळालेल्या पदवीधरांना लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीच्या, म्हणजे सैन्यातले अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या, मुलाखतीला बोलावले जाण्याची सोय आहे, आणि मी तोच मार्ग धरला. मात्र सैन्याचे वैद्यकीय निकष वाचले तेव्हा माझे हातपाय गार पडले, कारण आतड्याचा असा दीर्घकालीन दाह असलेला उमेदवार तिथे अपात्र ठरतो.

ज्यांना ज्यांना मी हे विचारले, त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांनी एकच सल्ला दिला: सांगायचेच नाही. प्रशिक्षण देणारे सर म्हणाले, “बोर्डात रक्त, लघवी, एक्स-रे, सोनोग्राफी होते. दुर्बीण कोण घालतंय? आजार शांत आहे ना? मग गप्प बस.” तांत्रिकदृष्ट्या ते खरे होते. शांत असलेला कोलायटिस सोनोग्राफीत सहसा दिसत नाही. गोळ्या व्हिटॅमिनच्या डबीत घालून नेता येतात, हेही मला कोणीतरी सांगितले.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये एसएसबीच्या पाचव्या दिवशी निवड झालेल्यांचे चेस्ट नंबर पुकारले गेले आणि त्यात माझा नंबर होता. दुसऱ्या दिवशी लष्करी रुग्णालयात तपासणीचा अर्ज हातात आला. त्यात उमेदवाराला स्वतःच्या पूर्वीच्या आजारांची माहिती भरून खाली सही करायची असते. तो रकाना रिकामा ठेवून मी बाकीचा सगळा अर्ज भरला, पेनाचे टोपण लावले, काढले, आणि मग आजाराचे नाव, निदानाचा महिना आणि चालू गोळ्यांची मात्रा लिहिली. तपासणाऱ्या मॅडम मेजर हुद्द्याच्या होत्या. त्यांनी ते वाचले, चष्मा काढला आणि “हे कोणी लिहायला सांगितलं?” असे विचारले. मी म्हणाले, “कोणीच नाही, मॅडम.” त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. कायमस्वरूपी अपात्र असा शेरा मिळाला. ४२ दिवसांच्या मुदतीत अपील बोर्डापुढे जाता येते. मी गेले, आणि तिथेही तोच निर्णय कायम राहिला.

गावी परतल्यावर मी तीन दिवस कोणाशी बोलले नाही. चौथ्या दिवशी आबांनी मला अंगणात बोलावून शेजारी बसवले. “पोरी,” ते म्हणाले, “चौकीवर आम्ही दहा जण असायचो. एक आडवा झाला की दोघं त्याच्यापाशी. मग पहाऱ्याला राहिले किती?”

त्या एका प्रश्नामुळे मला तो नियम समजला. हा आजार उफाळला म्हणजे दिवसाला आठ-दहा जुलाब, त्यातून पाणी आणि क्षार जाणे, रक्त गेल्याने पंडुरोग होणे. आणि सियाचीनमधल्या काही चौक्या ६,००० मीटरहून उंचावर आहेत, जिथे मुळातच हवेत प्राणवायू विरळ असतो आणि निरोगी माणसाचे रक्तही अपुरे पडते. गुडघा-कंबर दुखली की जवान ज्या वेदनाशामक गोळ्या सहज घेतात, त्याच गोळ्यांनी माझ्यासारखीचा आजार पुन्हा भडकू शकतो. स्टेरॉइड सुरू असतील तर ती एकदम बंद करता येत नाहीत. म्हणजे बर्फात वाट बंद होऊन औषध आठवडाभर पोहोचले नाही, तर तेवढ्यानेच जीव धोक्यात येतो. आजार वाढल्यावर जी इंजेक्शने लागतात, त्यांतली बरीचशी २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये जपावी लागतात, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्याला जिवंत विषाणूंच्या लसी देता येत नाहीत. क्वचित आतडे फुगून फुटण्याच्या बेताला येते आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. तेव्हा हवामान उघडण्याची वाट पाहत हेलिकॉप्टर खाली उभे असेल, आणि ते उघडले की माझ्यासाठी कोणीतरी वैमानिक स्वतःचा जीव पणाला लावेल.

लपवण्याबद्दल माझा आणखी एक आक्षेप आहे, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. भरती होताना निरोगी असलेल्या जवानाला पुढे सेवेत असा आजार झाला, तर त्याला सहसा लगेच घरी पाठवत नाहीत. त्याची वैद्यकीय श्रेणी खाली आणतात, अतिउंचीवर न पाठवण्यासारखी बंधने घालतात आणि ठरावीक काळाने पुन्हा तपासतात. आजारामुळे सेवा सोडावी लागली, तर अपंगत्व निवृत्तिवेतनाचा प्रश्न येतो. धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले, की भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल तर जवान तेव्हा निरोगी होता असेच गृहीत धरायचे, नंतरचा आजार सेवेमुळे झाला असे मानायचे, आणि तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. धरमवीर सिंग यांना फेफऱ्याचा आजार झाला होता. त्यांच्या निकालाच्या आधारावर आज कितीतरी जवान आपला हक्क मागतात, आणि तो सगळा आधार भरतीच्या अर्जातल्या त्या एका रकान्यावर उभा आहे. मी तो रकाना खोटा भरला असता, तर उद्या खऱ्या अर्थाने सीमेवर आजारी पडलेल्या एखाद्या शिपायाकडे बोर्डाने संशयाने पाहण्याचे आणखी एक कारण मी निर्माण केले असते. सरांनी सांगितलेला सल्ला मला म्हणूनच आजही क्षमा करता येत नाही.

अर्थात मुलांना हे कोणी वेळेवर सांगत नाही, याचा मला मनस्वी राग आहे. आमच्याकडे बारावी झाली की शेत गहाण ठेवून मुलाला अकॅडमीत घालतात, छाती ७७ सेंटीमीटर आहे का, फुगवल्यावर ५ सेंटीमीटर वाढते का, हे पहिल्या दिवशी मोजतात, पण “तुला काही जुना आजार आहे का?” असे कोणी विचारत नाही. पोटाचा आजार तर बोलण्याचाच विषय नसतो, आणि मुलीने तो बोलायचा म्हणजे घरच्यांनाही संकोच. शिबिरातल्या त्या पहाटे मी गप्प राहिले ती त्याच सवयीने.

गेल्या महिन्यात माझा चुलतभाऊ रात्री उशिरा ट्रंकेपाशी येऊन बसला. तो अग्निवीर भरतीची तयारी करतो आहे. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर खाली बघत म्हणाला, “ताई, मला महिनाभर आव पडतीये. तुझ्यासारखंच असंल का? कुणाला सांगू नकोस.” सकाळी मी त्याला मोटारसायकलवर बसवून साताऱ्याला नेले. शौचाच्या तपासणीत अमीबा सापडला. औषधांचा एक कोर्स झाला, तपासणी पुन्हा केली आणि ती स्वच्छ आली. काल त्याने १,६०० मीटर ५ मिनिटे २० सेकंदांत काढले. घड्याळ माझ्या हातात होते. वैद्यकीय तपासणीच्या वेळी हे सांगायचे का, असे त्याने विचारले. मी त्याला दोन्ही रिपोर्ट आणि डॉक्टरांची चिठ्ठी एका पिशवीत घालून दिली आहे.