पथ्य पाळूनही

पॅथॉलॉजीतून फोन आला, "मॅडम, मशीन हे सॅम्पल घेतच नाहीये." जाऊन पाहिलं तर सीरम पांढराफटक, नळीमागे धरलेलं बोटही दिसेना. पातळ करून मोजल्यावर ट्रायग्लिसराइड 4,000 च्या वर निघाले. बाई चाळिशीच्या, पोट धरून वॉर्डात पडलेल्या. स्वादुपिंड सुजलं की वाढणारं अमायलेज मात्र नॉर्मल! रक्तात इतकी चरबी असली की ही तपासणी दगा देते, म्हणून सीटी स्कॅन केला. स्वादुपिंडाला चांगलीच सूज होती.

नळी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली. सकाळी वर जाड साय, खाली बऱ्यापैकी नितळ द्रव. म्हणजे कायलोमायक्रॉन: आतड्यातून आलेली चरबी रक्तातच तुंबलेली. ती फोडायचं काम लायपोप्रोटीन लायपेज या एन्झाइमचं. तेच कुठेतरी अडलं होतं.

फाइलवर आधीच्या कुणीतरी शेरा मारला होता, 'पथ्य पाळत नाही'. बाईंनी उशाखालून वही काढली. तेलाचा चमचान् चमचा लिहिलेला. या शेऱ्याची मला चीडच आहे. औषध लागू पडलं नाही की आपण पेशंटला खोटं पाडून मोकळे होतो.

जनुकीय तपासणीत या लायपेजच्या एलपीएल जनुकासकट अशा आजारात नेहमी तपासतात ती पाचही जनुकं निर्दोष आली. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही, कारण तोवर त्यांच्या नवऱ्याने जुन्या कागदांतून गरोदरपणातला एक रिपोर्ट शोधून आणला होता. त्यात ट्रायग्लिसराइड अगदी साधारण. गरोदरपणात ते एरवीही वाढतात. जन्मजात दोष असता तर तेव्हाच भडका उडाला असता. म्हणजे हा आजार मागाहून आलेला. बोलता बोलता बाईंनी डोळ्यांत थेंब टाकले. "डोळे कोरडे पडतात हो, तोंडसुद्धा." पुढच्या तपासण्यांत श्योग्रेन निघाला, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते तो आजार.

हे लायपेज तयार होतं चरबीच्या आणि स्नायूंच्या पेशींत, पण त्याचं काम चालतं केशवाहिनीच्या आतल्या बाजूला. पेशीपलीकडे नेऊन त्याला तिथे धरून ठेवणारं प्रथिन म्हणजे जीपीआयएचबीपी1. काही रुग्णांचं शरीर या प्रथिनाविरुद्धच अँटिबॉडी बनवतं, हे 2017 मध्ये प्रसिद्ध झालं. तेव्हापासून अशा केसच्या मी शोधात होते.

ओपीडी उरकून लॅबमध्ये गेले. जीपीआयएचबीपी1 चा थर दिलेल्या प्लेटमध्ये बाईंचा प्लाझ्मा आणि शेजारी निरोगी माणसांचे नमुने लावले. शेवटचं द्रावण घातल्यावर बाईंच्या रांगेतल्या खळग्या पिवळ्याधमक झाल्या, म्हणजे अँटिबॉडी होती; शेजारच्या कोऱ्याच राहिल्या. प्लाझ्मा कितीतरी पट पातळ केला तरी रंग हटेना. तरीही तेवढ्यावर माझं समाधान होईना, म्हणून त्या प्लाझ्मात लायपेज जीपीआयएचबीपी1 ला चिकटतं का ते तपासलं. चिकटत नव्हतं, अँटिबॉडी आडवी येत होती.

संधिवाततज्ज्ञांशी बोलून स्टेरॉइड आणि अँटिबॉडीच्या मुळाशी असलेल्या पेशी कमी करणारं रिटुक्सिमॅब सुरू केलं. ट्रायग्लिसराइड 200 च्या आत यायला काही महिने गेले. मध्ये स्टेरॉइडने साखर वाढली, ती निस्तरण्यात आणखी वेळ गेला. बाईंनी वही अजून चालू ठेवली आहे. आता तिच्यात साखरेचेही आकडे असतात.