दोन्हीकडे ११.६

जूनचा तिसरा आठवडा, पाऊस नुकताच लागला होता. सकाळी शटर अर्धं वर केलं तोच फोन वाजला. ढोकाळीहून एक ताई बोलत होत्या. गाडी सेल्फ घेत नाही, आईला साडेदहाला डायलिसिसला न्यायचंय, रिक्षात त्यांना बसवत नाही. आणि मी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, "दादा, बॅटरी नवी आहे. सोलेनॉइडही नऊ दिवसांपूर्वी बदललाय. परत तेच बदला म्हणून सांगू नका."

सेल्फ म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, आणि सोलेनॉइड म्हणजे चावी मारल्यावर तिला करंट जोडणारा तिच्यावरचा स्विच. ते शेवटचं वाक्य मला लागलं. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये मी पंधरा वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतोय. अंदाजाने पार्ट बदलायचे आणि गिऱ्हाइकाच्या खिशाने शिकायचं, हे आमच्या धंद्यात फार चालतं. मला ते मनापासून खटकतं. आयटीआय करून माझ्याकडे लागलेल्या पोराला मागे बसवलं आणि निघालो.

बॉनेट उघडलं, पोराला चावी मारायला लावली आणि मी डॅशबोर्डच्या दिव्यांकडे बघत राहिलो. दिवे किती मंदावतात यावर अर्धं निदान होतं. बॅटरी बसलेली असेल तर ते विझायला येतात आणि सोलेनॉइड टकटकटक करत राहतो. मोटर जाम असेल तर एकच जोरदार 'टक' होतो आणि दिवे खाली जातात. इथे दिवे जेमतेम हलले. आवाज काहीच नाही. आधीच्या मेकॅनिकने यावरूनच 'सोलेनॉइड गेला' म्हटलं असणार.

पोराने टेस्ट लॅम्प चावीच्या वायरला लावला, म्हणजे चावी मारल्यावर सोलेनॉइडला करंट देणारी ती बारीक वायर. लॅम्प लागला. मग त्याने तोच सोलेनॉइडच्या मोटरकडच्या जाड बोल्टला टेकवला. तिथेही लखलखीत लागला.

"काका, मोटरपर्यंत करंट पोचलाय. म्हणजे सोलेनॉइड चांगला, मोटर गेली."

"मग टक कुठे झाला?"

तो गप्प झाला. सोलेनॉइडमध्ये दोन जाड कॉन्टॅक्ट असतात, एक बॅटरीचा, एक मोटरचा. आतला लोखंडी दांडा ओढला जातो, तांब्याची पट्टी त्या दोघांवर आपटते आणि मोटरला करंट जातो. तो आपटण्याचा आवाज म्हणजे टक. पट्टी आपटलीच नसेल तर पलीकडच्या बोल्टवर करंट आला कुठून?

मीटर काढला. चावी मारलेली असताना बॅटरीच्या बोल्टवर १२.४ व्होल्ट. चावीच्या वायरवर ११.६. मोटरच्या बोल्टवरही ११.६.

मी पुन्हा मोजलं. दोन्हीकडे ११.६. कॉन्टॅक्ट मिटले असते तर मोटरच्या बोल्टवर बॅटरीच्या जवळचा आकडा आला असता. आला होता चावीच्या वायरचा. म्हणजे तो व्होल्टेज मोठ्या कॉन्टॅक्टमधून नव्हे, सोलेनॉइडच्या कॉइलमधून, म्हणजे मॅग्नेट बनून दांडा ओढणाऱ्या तारेच्या वेटोळ्यातून, आला होता.

लॅम्प बघून हे कधीच कळलं नसतं, कारण लॅम्पला ११.६ आणि १२.४ सारखेच.

सोलेनॉइडच्या आत कॉइल एक नसते, दोन असतात. एक जाड तारेची, दांडा ओढणारी. दुसरी बारीक तारेची, ओढलेला दांडा धरून ठेवणारी. दोघींना करंट चावीच्याच वायरवरून मिळतो, पण अर्थ, म्हणजे करंट बॅटरीकडे परत जाण्याची वाट, निराळी. धरणारीचं दुसरं टोक सरळ बॉडीला. ओढणारीचं दुसरं टोक मोटरच्या बोल्टला, म्हणजे तिला अर्थ मिळतो तो मोटरच्या आतून, आर्मेचर (फिरणारा भाग) आणि त्याला टेकून करंट देणारे कार्बनचे तुकडे ओलांडून. मोटर धड असेल तर तिचा रेझिस्टन्स कॉइलच्या मानाने इतका कमी असतो की टक होण्याआधी त्या बोल्टवर एक व्होल्टसुद्धा दिसत नाही. इथे पूर्ण ११.६ होते, कॉइलमध्ये काहीच घटलं नव्हतं, म्हणजे ओढणाऱ्या कॉइलमधून करंट वाहतच नव्हता. तिची वाट मोटरमध्ये तुटली होती.

लगेच सेल्फ उतरवायचा मोह झाला, पण पावसाळ्यात इंजिनची अर्थची पट्टी गंजली तरी मोटरच्या बोल्टवर असाच व्होल्टेज दिसतो. म्हणून वायरमधून किती करंट वाहतो ते मोजणारा क्लॅम्प मीटर चावीच्या वायरला लावला. ११ अँपिअर. ही एकट्या धरणाऱ्या कॉइलची खूण. दोन्ही कॉइल ओढत असत्या तर आकडा तीस-चाळीसच्या घरात गेला असता. आणि धरणारीला तिचे ११ अँपिअर नीट मिळत होते, म्हणजे बॉडीचा अर्थ शाबूत. उरले फक्त मोटरचे कार्बन. धरणारी एकटी दांडा जागेवरून ओढू शकत नाही, तेवढी ताकद तिच्यात नसते. म्हणून टक नव्हता.

नवा सोलेनॉइड नऊ दिवस कसा चालला, तेही आता सुटलं. बसवताना सेल्फ खाली उतरवला, ठोकाठोक झाली, अडकलेला कार्बन हलून पुन्हा टेकला. गाडी चालू झाली आणि सोलेनॉइडला श्रेय मिळालं.

सव्वानऊ झाले होते. मोटरच्या अंगावर हातोडीच्या लाकडी दांड्याने दोनदा हलकेच ठोकलं. "मार चावी." इंजिन सुरू झालं. ताईंना म्हटलं, "आता मध्ये कुठेही बंद करू नका. आम्ही मागे आहोत. तुम्हाला सोडलं की गाडी आमच्याकडे द्या." डायलिसिसला चार तास लागतात, तेवढे मला पुरणार होते.

दुकानात मोटर उघडली तेव्हा आतून काळी भुकटी सांडली. चार कार्बनपैकी दोन अर्थचे. त्यातला एक इतका झिजला होता की स्प्रिंग त्याला दाबतच नव्हती. दुसरा होल्डरमध्ये तिरका बसून अडकला होता. पोराने तो नखाने ढकलला, मग कुठे सुटला. चारही कार्बन नवे टाकले, कार्बन टेकतात तो कॉम्युटेटर साफ केला, मागचा बुश ढिला होता तोही बदलला.

जॅक काढायला डिकी उघडली तर पिशवीत जुना सोलेनॉइड. मी पोराला म्हटलं, "लाव बॅटरीवर." चावीच्या टोकाला पॉझिटिव्ह, बॉडी आणि मोटरचा बोल्ट दोन्ही निगेटिव्हला. टक! दांडा आत. मोटरच्या बोल्टची वायर काढली तरी दांडा आतच राहिला, आता एकटी धरणारी कॉइल काम करत होती. बॉडीची काढली आणि स्प्रिंगने तो बाहेर फेकला. पोराने सात-आठ वेळा केलं. कॉइल तापायला लागली तेव्हा मीच थांबवलं.

मग त्याने विचारलं, आणि मला फार बरं वाटलं, "काका, गाडीत चावी सोडली तरी कॉन्टॅक्ट अजून मिटलेलेच असतात. मग मोटरच्या बोल्टकडून करंट उलटा येऊन दांडा धरून ठेवत नाही का?"

"येतो. ओढणारीतून उलटा आणि धरणारीतून सुलटा. दोघींचे वेढे सारखेच आणि करंटही तोच. मग काय होईल?"

त्याने दोन बोटं एकमेकांसमोर धरली, थोडा वेळ बघितलं. "एकमेकींना मारतील. मॅग्नेट राहणार नाही." वेढ्यांची संख्या सारखी ठेवण्याचं कारण तेच. स्प्रिंगला मोकळीक मिळते आणि दांडा परत येतो.

दुपारी ताईंना आणायला गाडी मीच घेऊन गेलो. हॉस्पिटलच्या दारात इंजिन बंद केलं, त्यांच्या हातात चावी दिली, "तुम्हीच मारा" म्हटलं. एका झटक्यात सुरू. त्यांनी तीनदा बंद-चालू करून पाहिलं. आई मागच्या सीटवर डोळे मिटून बसल्या होत्या.

मी झिजलेले कार्बन कागदात गुंडाळून त्यांना दिले आणि जुना सोलेनॉइडही.

"हा खराब नव्हता?"

"नाही ताई. आजही चांगला आहे."

त्यांनी अंगठ्याने दांडा आत दाबला, सोडला, तो झटकन बाहेर आला. मग दोन्ही वस्तू पर्समध्ये ठेवत म्हणाल्या, "ज्यांनी बदलला ना, त्यांना नेऊन दाखवते."

"सोबत आकडेही सांगा," मी म्हटलं आणि त्यांच्या गॅरेजच्या बिलाच्या मागे तिन्ही रीडिंग लिहून दिली.