पाच होड्या, आठ वल्ही

शाळेच्या महोत्सवानिमित्त ही एक आठवण. 1996 साली मी आपल्याच शाळेच्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी सायन्सला आलो. दहावीपर्यंत सगळं मराठीतून शिकलेलो आणि इथे सुरुवातीलाच ‘लिमिटिंग रिएजंट’, म्हणजे अभिक्रियेत आधी संपून ती थांबवणारा पदार्थ, समोर उभं! घरी वडील होडीवर, त्यामुळे विचारायचं तरी कोणाला?

गणित अजून पाठ आहे. 50 ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट आणि 29.2 ग्रॅम हायड्रोक्लोरिक आम्ल. कार्बन डायऑक्साइड किती मिळेल? मोल, म्हणजे पदार्थाचे कण मोजायचं एकक, काढणं जमलं: वजन भागिले रेणुभार. रेणुभार 100 आणि 36.5, म्हणजे 0.5 मोल आणि 0.8 मोल. 0.5 लहान, म्हणून कार्बोनेट आधी संपणार असं धरून मी 22 ग्रॅम उत्तर लिहिलं. निम्म्या वर्गाने तेच लिहिलं होतं.

रसायनशास्त्राचे सर रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते प्रयोगशाळेत तिसऱ्यांच्या शिंपल्यांची बरणी घेऊन आले. शिंपला म्हणजे बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटच. बीकरमध्ये तुकडे टाकून वर थोडंसं विरल आम्ल ओतलं. फसफसलं, मंदावलं, थांबलं. तळाशी तुकडे तसेच. “संपलं कोण?” आम्ही गप्प. सरांनी ड्रॉपरने आणखी आम्ल सोडलं आणि बुडबुडे पुन्हा उठले.

मग म्हणाले, “एका होडीला दोन वल्ही लागतात. किनाऱ्यावर पाच होड्या आहेत, वल्ही आठ. किती होड्या पाण्यात जातील?”

“चार!” मी ओरडलोच. वल्ही संख्येने जास्त, तरी आधी संपली तीच. समीकरणातही एका कार्बोनेटला दोन आम्ल. 0.5 मोल कार्बोनेटला 1 मोल आम्ल हवं आणि आहे 0.8. म्हणजे वायू 0.4 मोल, 17.6 ग्रॅम. उरलेलं 10 ग्रॅम कार्बोनेट म्हणजे वाळूत राहिलेली पाचवी होडी. घाटावरून आलेल्या सरांनी आमच्याच बंदरावरचं उदाहरण शोधलं, याचं मला आजही फार अप्रूप वाटतं.

आज मी लोटे परशुरामच्या एका कारखान्यात उत्पादन विभागात आहे. महाग कच्चा माल वाया जाऊ नये म्हणून स्वस्त माल मुद्दाम जास्त घालायचा, हे तिथलं रोजचं काम. नव्या मुलांना ते समजावताना मी आधी फळ्यावर होड्या काढतो.

ती बरणी प्रयोगशाळेच्या कपाटात अजून असेल, तर महोत्सवाच्या दिवशी बाहेर काढा. अकरावीच्या मुलांसमोर तो प्रयोग पुन्हा करायची माझी फार इच्छा आहे. बरणी नसली, तर शिंपले मी घेऊन येईन.