आखाजीचा वायदा

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, काल झाली. आज शेवटी अमळनेरला जुन्या भागीदाराकडे पैसे मागायला जाऊन आलो.

आपल्या खान्देशात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल आखाजीला फिरतं, देणीघेणी तेव्हाच मिटवायची जुनी रीत. म्हणून ‘आखाजीला देतो’ म्हटलं की समोरचा गप्प बसतो. कोणत्या सालच्या आखाजीला, हे कोणी विचारत नाही.

आम्ही दोघं पारोळ्याकडच्या गावांतून कापसाची खेडा खरेदी करायचो. काटा त्याचा, भांडवल माझं. भाव पडले, माल जिनिंगला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, टाकून मोकळे झालो, भागीदारी फोडली. हिशोबात माझे ३ लाख ४० हजार त्याच्याकडे निघाले.

वकिलांनी मध्ये बजावलं होतं: १९६३ चा मुदतीचा कायदा, असलं येणं वसूल करायला कोर्टात जायची मुदत ३ वर्षं. मुदतीच्या आत त्याने ‘देणं आहे’ असं लिहून सही केली, तर त्या तारखेपासून ३ वर्षं नव्याने मोजायची. तोंडी कबुली गावासमोर दिली तरी फुकट. आणि मुदत टळल्यावर नुसती कबुलीही पुरत नाही, ‘देईन’ असं लेखी वचन लागतं. आमची मुदत सरतच आली होती.

गेलो तर, “ये भाऊ, बठ. रस ले.” वाटी हातात आली. आता रस पिऊन वही कशी उघडायची? उघडली. चष्मा लावून एकेक ओळ बघत गेला. हमाली, टेम्पोभाडं, सगळं मान्य. घटीवर बोट थांबलं. साठवलेला कापूस वाळून वजनात उतरतो, ती तूट कोणाच्या माथी? समासात पेन्सिलीने ‘निम्मी निम्मी’ लिहिलेलं होतं, त्याच्याच अक्षरात. मग काही बोलला नाही.

पण कागद पुढे केला तेव्हा चेहरा उतरला. “कागद कशाले? मना शबदवर भरोसा नही का तुले?”

पैसे मागताना मला इतकं अवघड झालं नव्हतं. पैसे मागणं हा व्यवहार. सही मागणं म्हणजे तोंडावर ‘नाही’ म्हणणं. मी म्हटलं तेवढंच, “वकिलाने सांगितलंय.” वकील असल्या वेळी फार उपयोगी पडतो.

आतून वहिनी म्हणाल्या, “करी द्या सही, भाऊ काय परका शे?”

केली. तारीखही स्वतःच टाकली. वर ५० हजारांचा चेक दिला, पुढच्या महिन्याचा. बाकीचे दिवाळीपर्यंत.

उद्या कागदाची झेरॉक्स काढायची, मूळ प्रत वकिलांकडे. चेक तारखेपासून ३ महिने चालतो, पण मी त्याच दिवशी बँकेत टाकणार. आदल्या रात्री ‘थोडं थांब ना भाऊ’ असा फोन येईलच, ओळखतो मी त्याला. तरी टाकणार.